धूर वांग्याला, मायला नाही

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
चूल आली! सलीमभाई पत्र्याची कामं करतात. त्यांनी स्वतः हातगाडीवरून पिंप्राळ्यात आणून दिली. पत्र्याचा ड्रम, आत विटा, तळाला हवेची भोकं, वर जाळी. कपाशीच्या काड्या खालून सारायच्या. हवा भरपूर मिळाली की काडी पूर्ण जळते, धूर उरत नाही. माझं बी.एस्सी. पहिल्यांदाच घरात कुणाला हात लावून बघता आलं.

शेजारच्या काकू फाटकातून, "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. आणि शेवटी चूलच का गं?"
म्हटलं, हो. चूलच.

माय नानांच्या भरीत सेंटरवर वांगी भाजते. सगळा हिवाळा मोकळ्या जाळासमोर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, धुरापासून लांब राहा. खोकला थांबत नाही, आणि ती काम सोडत नाही. मग जाळच बदलायचा. नाना रविवारी चूल वापरून बघायला तयार झालेत. एक दिवस पुरे.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळ माझी होती. मायचे डोळे कोरडे. एकदाही खोकली नाही. वांगी पटापट काळी पडत होती, सालं सुटत होती. मी उगाच सगळ्यांकडे बघून हसत होते.

मग भरीत लाकडी बडगीत कुटलं, कांद्याची पात पडली, मिरची पडली, पानं वाढली गेली. पहिलंच गिऱ्हाईक, "नाना, आज वांगी गॅसवर भाजली का?" दुसऱ्याने अर्धं ठेवलं.

मायने बोट लावून चाखलं. "हाई भरीत नही. उकडेल वांगं शे."
आपल्याच लेकीच्या चुलीबद्दल. सगळ्यांसमोर.

नाना वाईट बोलले नाहीत. "वैशाली, चूल छान आहे. घरी चहाला वापरा." पुढच्या रविवारी मोकळा जाळ.

१ डिसेंबर, सोमवार
मायशी वाद. वास मोठा की छाती? ती भाकरी थापत राहिली. "वास गया ते काम बी गया."
तिचं खरं आहे. माझंही खरं आहे. पण दोन्ही खरं असेल तर...

चूल अंगणात. तिच्यावर काकूंनी गोधडी वाळत घातली आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला गुरुवार. मी लायब्ररीतून आले तोवर मायने अंगण सारवलं, उंबरा सारवला आणि माझी चूलही सारवली! शेणमातीचा सुंदर गुळगुळीत हात, वर हळदीकुंकू. हवेची भोकं अर्ध्याहून जास्त बुजलेली.

"माय, ही भोकं कशासाठी ठेवली होती?"
"सारवाबिगर चूल पेटाडतस का कोनी? तू रविवारले तशीच पेटाडी. म्हनीसन वांगं रुसनं."

मी चिडून पेटवली, तिला दाखवायला. धूरच धूर. तिला ठसका लागला, मी ओरडले, आबा, माझे वडील, बाहेर आले. जाळीवर दोन वांगी होती, ती तशीच राहिली.

रात्री जेवताना आबांनी त्याच वांग्यांचं भरीत दोनदा मागून घेतलं. आबा कधीच दोनदा मागत नाहीत. मीही घेतलं. तोच वास. नानांच्या सेंटरचा, शेतातल्या पार्टीचा.
माय देवीकडे बघून नुसती हसली.

५ डिसेंबर, शुक्रवार
देवीचं देवीला. पण भोकं बुजली म्हणून काडी अर्धवट जळली, म्हणून धूर झाला, म्हणून वास लागला. मी धूर संपवायला निघाले होते. चूक तिथेच. धूर वांग्याला हवाय, मायला नकोय. दोघांमध्ये फक्त एक झाकण आणि एक पाइप हवा. आणि हवेच्या भोकांवर सरकती पट्टी. आधी भोकं उघडी ठेवून वांगी शिजवायची, शेवटी थोडा वेळ पट्टी ओढायची.

सलीमभाई, "ताई, आधी म्हणालात धूर काढा. आता म्हणता धूर घाला. घरात एकदा ठरवून या ना."
"ठरलंय. घाला, पण वरून काढा."
"हे बरंय. माझ्या सासऱ्याची बिडी अशीच होती."

७ डिसेंबर, रविवार
नानांकडे मोकळा जाळ. मी सोबत गेले, काड्या मीच लावल्या, मायला मागे बसवलं. तरी संध्याकाळी तिच्याने गच्चीचा जिना चढवेना. मधल्या पायरीवर बसली. "जरा हवा खाऊ दे," म्हणाली.
मी पण बसले, मग तिला धरून वर नेलं. ती एवढी हलकी कधी झाली?

१० डिसेंबर, बुधवार
झाकण बसलं, पाइप बसला, बुजलेली भोकं मोकळी करून पट्टीही बसली. तीनदा भाजून पाहिलं. पट्टी लवकर ओढली तर वांगं कच्चं राहतं, उशिरा ओढली तर वास धरत नाही. मध्ये ओढली की बरोब्बर. मायने चाखलं, मान हलवली, आणि "मीठ कमी शे" म्हणाली. म्हणजे पास.

एक गोष्ट टोचते. ड्रमवर मी लाल रंगाने ठळक 'निर्धूर' लिहून ठेवलं होतं. ते आता खोटं. खरवडून काढलं. थोडा धूर अजून गल्लीत जातोच, मोकळ्या जाळापेक्षा खूप कमी, पण जातो. पाइप उंच करायला हवा. काकूंची खिडकी वाचली पाहिजे, त्या बोलल्या तरी.

१४ डिसेंबर, रविवार
चूल पुन्हा नानांकडे. त्यांनी कुणाला न सांगता मोकळ्या जाळावरचं आणि चुलीवरचं, दोन्ही भरीत वाढलं. जामनेरचे एक म्हातारे, दरवर्षी येणारे, आमच्या चुलीवरचं चाटूनपुसून संपवून म्हणाले, "नाना, आज हात बसलाय अक्काचा." (अक्का म्हणजे आमची माय.)
नाना माझ्याकडे बघेनात. मी पण अजिबात हसले नाही. (हसले.)

पण पुढच्या रविवारी मोठी ऑर्डर आहे. नाना म्हणाले, "चार माणसांना कोणीही खूश करतं, पोरी. गर्दीत टिकली तर बोलू."

२१ डिसेंबर, रविवार
सकाळपासून माय चुलीपाशी. झाकण उघडायची, वांगी काढायची, नवी ठेवायची, पट्टी ओढायची. लय लागली होती. वास रस्त्यापर्यंत.

दुपारी गर्दी वाढली. जाळीवर मावतात तेवढीच वांगी. बडगीपाशी बाया हात रिकामे घेऊन बसलेल्या. नाना आतून ओरडले, "अक्का, पुरत नाही! मोकळा जाळ पेटवा!"

पेटवला. तिथे बसणार कोण? माय उठली. मी तिचा हात धरला, ती सोडवायला लागली. दोघी तशाच उभ्या. नानांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, गल्ला आपल्या मुलीकडे दिला, धोतर खोचलं आणि स्वतः जाळापुढे बसले.

थोड्याच वेळात खोकला. मग डोळ्यांतून पाणी. मग शिव्या, काड्यांना, वाऱ्याला, वांग्यांना. पण उठले नाहीत.

माय चुलीपासून, "नाना, डोयाले हात लावू नका, हात काया शेतस!"
"अक्का, तुम्ही इतकी वर्षं इथे बसलात?"
मायने झाकण उघडून वांगी काढली.

ऑर्डर पूर्ण झाली. नाना तोंड धुऊन आले, डोळे लालभडक. चुलीभोवती एक फेरी मारली, पाइपला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. दुसरी चूल करायची का, ते बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "सलीम रविवारी दुकान उघडतो का गं?"