तीन सेकंदांची आग

आपल्या स्टुडिओच्या आणि माझ्या मालकीणबाईंस सप्रेम नमस्कार.

स्क्रीनवर तीन सेकंद घर पेटवायला मला अकरा दिवस लागले, वर चष्म्याचा नंबर वाढला. घाबरू नकोस, सगळं कॉम्प्युटरवरच जळतं.

लग्नांचं शूटिंग करणारा माणूस पन्नाशीत सिनेमातले इफेक्ट शिकायला कॉलेजात निघाला म्हणून तुझा भाऊ हसला होता ना? त्याला सांग, वर्गातली पोरं मला ‘उस्ताद’ म्हणतात. रेकॉर्ड केलेल्या आवाजात कुठे खरखर आहे, ते आधी मलाच विचारतात.

परवा फोनवर बोलता बोलता तू शटर ओढलंस, तेव्हा कण्हलीस. गुडघा पुन्हा दुखतोय का? शेजारच्या शिंप्याला हाक मारत जा.

काल परीक्षेत माझी आग दाखवली. शिकवणाऱ्या बाई आपल्या लेकीहून लहान. म्हणाल्या, “काका, खिडकीचा पडदा उडतोय डावीकडे आणि धूर चाललाय उजवीकडे. वारा दोन्हीकडून मागवलात का?” सगळे हसले. मीही हसलो.

महिनाअखेरीस येतो म्हणालो होतो, ते जमणार नाही. आग पुन्हा पेटवायची आहे, पुढची परीक्षा चार महिन्यांनी. तोवर गुडघा डॉक्टरांना दाखव, माझी वाट बघू नकोस.

तुझाच.

ता. क. वर्गात नापास झालो तो मी एकटाच.