धोंड्याच्या महिन्यातली कुस्ती

वाळूज,
मंगळवार, ९ जून २०२६

प्रिय सुलेखा,

सप्रेम नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, तुझी खुशाली कळवावी, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मामींना माझा नमस्कार सांग. त्यांनी घेतला तर ठीक, नाही घेतला तर चुलीजवळ ठेवून दे, कधीतरी लागेल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुझा दादा गुरुवारी कन्नडला येतोय, त्याच्या हाती देतोय. हो, तुझा दादाच. जो दोन महिने माझ्याशी रिंगणाबाहेर एक शब्द बोलला नाही, तोच इंद्रजीत माझं पत्र आणतोय. ते कसं झालं हे सांगायलाच बसलोय, पण आधी घरचं सांगतो.

कूलरचा पंप बदलला. या आठवड्यात पहिली पाळी आहे, कंपनीची बस सकाळी सव्वासहाला नाक्यावर येते आणि माझा चहा रोज अर्धा राहतो. शेजारच्या संध्यावहिनी तुझी शिलाई मशीन चार दिवस मागत होत्या. मी नाही म्हणालो, त्या रागावल्या. तू गेलीस त्या दिवशी माझा निळा मखमली पोशाख मशीनवर अर्धा शिवून होता, तो अजून तसाच आहे. मी सुई वर केलेली नाही. रविवारी जुनाच घालून खेळलो, काखेत उसवलेला.

गल्लीतल्या जावयांची सध्या चैन आहे. अधिक महिना, तीन वर्षांनी आलेला. ज्याला त्याला सासुरवाडीचं बोलावणं. तळमजल्यावरचा रामकिसन धोंडे खाऊन आला, तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन घेऊन आला, आणि ते निरांजन दाखवायला खास तीन जिने चढून माझ्याकडे आला. "तुमचं कवा हाय?" म्हणाला. मी म्हणालो, "आमच्याकडं शेवटच्या दिवशी करतात." अशी काही रीत नाही हे त्यालाही माहीत आहे.

मामींना मी फोन केला होता, ओरडून बोलावं लागलं. त्यांनी तुला सांगितलं की नाही, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "ज्या हातानं माझ्या लेकाला खुर्ची मारली, त्या हाताला धोंडे कसे वाढू मी? व्हय, सांगा!" मी म्हणालो, मामी, तो खेळ आहे, खुर्ची पत्र्याची असते, आणि मारायचं तर तुमच्या लेकानेच लिहून दिलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग भुवईतून रगत आलं ते बी त्यानंच लिवलं व्हतं का?" खुर्चीची कड लागली, ती माझी चूकच होती. त्यांनी फोन ठेवला.

आपल्या 'रणगाडा'च्या नाटकी कुस्त्यांत कोण पडणार हे इंद्रजीत आधी कागदावर लिहितो, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, समोर बसणाऱ्या निम्म्या लोकांनाही माहीत आहे. तरी दर रविवारी वाळूजचे कामगार तिकीट काढून येतात ते मालकाला मार बसलेला बघायला. इंद्रजीत खेळाचाही मालक, आणि खेळातल्या गोष्टीतलाही मालक: पांढरा सदरा, सोन्याचं घड्याळ, तोंडात शिवी. मी त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला 'तोफ'. सहा दिवस ज्यांनी साहेबाचं ऐकून घेतलेलं असतं ते सातव्या दिवशी माझ्या नावाने घसा फाडतात. मला त्यांचा घसा आवडतो, सुलेखा. त्यातच सगळं बिघडलं.

मामी खुर्ची-खुर्ची करतात तेव्हा मी खरी गोष्ट काढत नाही. ती त्यांना ठाऊकच नाही. कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी मोबाइलवर फक्त बघितलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस, तू ऐकलंस. आणि घरी जाऊन तू आईला खुर्चीच सांगितलीस, ते वाक्य सांगितलं नाहीस. मला वाचवलंस की त्यांना, हे मला अजून कळलेलं नाही.

आता लिहितो. त्या रविवारी लोक ढिले होते, ऊन फार होतं. इंद्रजीतने मला माइकवर बोलायला दिलेल्या चार ओळी संपल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही. माइक हातात, समोर दीड हजार माणसं, आणि माझ्या तोंडून आलं: "अरे मालक, तुझ्या बहिणीला तीन ठिकाणांनी नाकारलं! हातावरचा डाग बघून उठून गेले! मी पदरात घेतली, मी!"

शिट्ट्या. टाळ्या. वर्षभरात मला तेवढ्या कधी पडल्या नव्हत्या.

हे कागदावर नव्हतं. तू तीन दिवस तुझ्या दादाशीही बोलली नव्हतीस, त्यानेच लिहिलं असं वाटून. त्याने नव्हतं लिहिलं. ते माझंच होतं, हे कळलं आणि तू माहेरी गेलीस. त्या व्हिडिओत टाळ्या चालू असताना कोपऱ्यात तू दिसतेस, डाव्या हातावर पदर ओढून घेताना. लग्नानंतर माझ्यासमोर तू तो हात कधी झाकला नव्हतास. मी तो तुकडा किती वेळा पाहिला ते विचारू नकोस.

तेव्हापासून गोष्टीतलं भांडण खरं झालं. रिंगणात तो मला आपटायचा तेव्हा सांभाळायचं सोडून दिलं त्याने. मीही काही म्हणालो नाही. मग त्याने अजिंक्यपदाच्या कुस्तीचा कागद दिला. शेवट असा: तोफ उताणा पडतो, मालक त्याच्या छातीवर पाय ठेवतो, पंच तीन आकडे मोजतो, पट्टा मालकाला. जावयाच्या छातीवर मेहुण्याचा पाय, तोही धोंड्याच्या महिन्यात! ज्या महिन्यात सासरी पाय धुतात. आमचे पंच सर्जेरावकाका मातीतले जुने पैलवान, त्यांनी तो कागद वाचून खाली ठेवला. "हे बरं नाय," म्हणाले. मी म्हणालो, "काका, असू द्या. माझं देणं आहे."

परवाच्या रविवारी कार्यालयाचं लॉन गच्च भरलं. तुला माहीतच आहे, मंगल कार्यालयात कपडे बदलायला दोनच खोल्या. मालक वरपक्षात, मी वधूपक्षात. आरशाला कुण्या नवरीची टिकली चिकटलेली होती, तिच्याकडे बघत गुडघ्याला पट्टी बांधली. पट्टी तू बांधतेस तशी बसत नाही. दोनदा सोडली.

कुस्ती वीस मिनिटं चालली. चांगली झाली म्हणतात. शेवटी ठरल्याप्रमाणे मी उताणा पडलो. वर लॉनवरचं पत्र्याचं छत, पंखा, आणि तुझ्या दादाचा बूट. लोक ओरडत होते, "तोफ, ऊठ!" मी डोळे मिटले. वाटलं, ठेव बाबा, दाबून ठेव, म्हणजे देणं फिटल्याचं तरी सुलेखापर्यंत जाईल.

पाय आला नाही.

डोळे उघडले तर बूट छातीवर वीतभर वर थांबलेला. इंद्रजीतचा चेहरा घामाने ओला, ओठ हलत होते. मग त्याने पाय बाजूला घेतला आणि हा एवढा मोठा माणूस, सोन्याच्या घड्याळासकट, गुडघ्यावर बसला. हळूच म्हणाला, "उठा दाजी. नाय जमत. महिना कोंचा चाललाय..." आणि दीड हजार माणसांसमोर खलनायकाने माझ्या पायाला हात लावला.

लॉनवर असा गलका झाला की सर्जेरावकाकांचे आकडे त्यांच्या तोंडातच राहिले. ते पट्टा खांद्यावर टाकून मधोमध उभे, "आता ह्यो कुणाला बांधू रं?" म्हणत.

मी उठलो आणि माइक घेतला. म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. तीन ठिकाणं उठून गेली, कारण त्यांना तेवढी अक्कल नव्हती. नाकारलं मला होतं, पाच ठिकाणांनी. कंत्राटी कामगार, वर नाटकी कुस्ती खेळतो म्हणून. सुलेखाने मला पदरात घेतलं. चुकलो." नाव घेऊन म्हणालो.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुलेखा. शिट्ट्या मारल्या. "काय लिवलंय राव!" असं पुढच्या रांगेतला एक म्हणाला. त्यांना वाटलं, हेही कागदावरचंच. त्या पहिल्या वाक्याला पडल्या तशाच टाळ्या याला पडल्या. मी तिथंच समजलो की रिंगणातून काही बोललो तरी ते आता खरं होणार नाही. कुणी तुला व्हिडिओ पाठवला असेल. बघू नकोस. म्हणून हा कागद, इथं मी एकटाच आहे.

नंतर वधूपक्षाच्या खोलीच्या दारात इंद्रजीत आला. म्हणाला, "पाय लावला नाय म्हंजे माफ केलं असं समजू नका. मान जावयाचा हाय, तुमचा नाय." मी म्हणालो, बरोबर आहे. तो जायला वळला, मग म्हणाला, "बिस्तरवारी कन्नडला चाललोय. काय द्यायचं असंल तर द्या." पट्टा त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर पडलाय, कुणीच नेला नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे मी फिरवून फिरवून लिहिणार होतो, पण जमत नाही. बैठका मारताना तू स्वयंपाकघरातून मोजायचीस आणि चाळीसनंतर मुद्दाम पुन्हा पस्तीस म्हणायचीस. आता मी मोजतो तेव्हा चाळीसला चाळीसच होतात, आणि तिथंच थांबतो. तुला पाहायला आलो होतो तेव्हा आमच्या मामाने तुझं शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. तुला काही विचारायचंय का म्हटल्यावर तू माझ्याकडे बघून विचारलंस, "पडताना लागत नाही का तुम्हाला?" मला तोवर कुणी ते विचारलं नव्हतं. तेव्हा मी रुबाबात नाही म्हणालो होतो. लागतं, सुलेखा.

सोमवारी अमावास्या, महिना संपतो. मामींना सांग, धोंडे नकोत, पाय धुणं नको, जावई म्हणून मी येतच नाही. रविवारी खेळाला सुट्टी घेतली आहे. सकाळच्या एसटीने कन्नडला उतरतो आणि तुमच्या अंगणात बसतो, मुलगी बघायला आलेले बसतात तसा. फक्त या वेळी बघायचं तू. शिक्षण विचार, पगार विचार, डाग विचार. माझा डाग सगळ्यांनी पाहिलाय, झाकायला पदर नाही.

पसंत नसेन तर दार उघडू नकोस. मी पाणी न मागता उठून जाईन, आणि हे सहावं ठिकाण म्हणून मोजीन.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
स्थळ म्हणून आलेला,
कडुबा