ढकललं, पण कुणाला?

ओलोमोउत्स, ९ मार्च

प्रिय रादिम, तुला ताईची खूप खूप माया.

माझा खोकला बराच कमी आहे, काळजी करू नकोस. लेक आनेश्का अजून शाळेतून रडत येते का? पोरं चिडवतात म्हणून आडनाव बदलायचा अर्ज देतोयस, तो आठवडाभर थांबव.

आपलं आडनाव 'ओद्स्त्रचिल' म्हणजे 'ढकलून दिलं'. पूर्वजानं सख्ख्या भावाला वाटणीच्या जमिनीवरून ढकललं, असंच आपण गावात ऐकत आलो. खरं काय ते बघायला मी इथल्या दप्तरखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, ढकलणारा दर वेळी वाईटच असतो होय?" आणि आपल्या चर्चची जुनी वही पुढ्यात ठेवली.

पाद्र्यानं लिहिलंय: उतारावरून सुटलेली गाडी अंगावर येताना आपल्या त्या पूर्वजानं, मातेयनं, गिरणीवाल्याच्या चार वर्षांच्या मुलीला बाजूला ढकललं. त्याचा स्वतःचा पाय गेला. तेव्हापासून गाव त्याला ओद्स्त्रचिल म्हणू लागलं.

मी पुढची पानं चाळली. ती मुलगी मोठी झाली आणि मातेयच्याच मुलाशी तिचं लग्न लागलं. आपण तिचेच वंशज, रादिम!

हे आनेश्काला वाचून दाखव. नाव ठेवायचं की बदलायचं, ते तिलाच ठरवू दे.

तुझी,
द्राहा