फुटाण्याला काय आवडतं

सेलू,
बुधवार, दुपार

प्रिय आचल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. हाताशी फोन असताना आईला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. ते सांगतेच, पण आधी फुटाण्याचं, कारण तू वाट त्याचीच बघत असशील. परवा फोनवर तू म्हणालीस, तो धड खात नसेल तर उगाच तुझे हाल नको, हर्षितनं कुत्रं चालेल अशी खोली पाहिली आहे, येत्या महिन्यात कुणाला तरी पाठवून त्याला हैदराबादला घेऊन जातो. मी नुसतं हो-हो म्हटलं. समोर गिऱ्हाईक मेथीची जुडी उलटीपालटी करत उभं होतं, म्हणून वाचले. तुझं म्हणावं असं या घरात तेवढंच एक उरलं आहे, आणि तेही जाणार म्हटल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तू तो बाजाराचा दिवस विसरली नसशील. माझ्या दुकानापाशी आलीस, सफरचंदाचं खोकं माझ्या वांग्यांच्या ढिगामागे सरकवलंस आणि म्हणालीस, आई, हैदराबादचा घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, तू ठेव. कागद आणायला गेलीस तेव्हा सावंगीच्या तुझ्या पूर्वीच्या होस्टेलच्या गेटपाशी सापडलेलं हे एवढंसं पोर, तुझ्या जुन्या निळ्या ओढणीत नाक खुपसून झोपलं होतं. हर्षित तिकडे रस्त्यापलीकडे गाडीपाशी उभा होता. पुढे यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि ये म्हणावं की नाही हे मला. शेवटी मी त्याला पाव किलो हिरव्या मिरच्या पाठवल्या. दुसरं काही सुचलंच नाही. घरी मी सांगितलं, अंजूकडचं पिल्लू आहे, तिच्याकडे ठेवायला जागा नाही म्हणून दिलं. तुझ्या मावशीचं नाव घेतलं की बाबा पुढचं काही विचारत नाहीत, हे मला माहीत होतं. तू हर्षितशी रजिस्टर लग्न केलंस तेव्हापासून तुझं नाव या घरात घेतलं गेलेलं नाही. ते घेत नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर मीही घेत नाही. तेव्हा तुझं पिल्लू म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत कसं घेणार होते मी?

तर फुटाण्याचे नखरे. तू दिलेलं पाकिटातलं खाणं पहिले काही दिवस कोमट पाण्यात भिजवून दिलं. त्यानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ताटलीला वळसा घालून गेला. मग वरणभात दिला. त्यातला भात खाल्ला, वरण ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरण चाटलं, भात ठेवला. उकडलेलं अंडं दिलं तर ते अंगणभर लोळवून शेवटी तुळशीच्या मागे पुरून आला. शेजारचे नत्थूजी रोज सकाळी चहाला येतात ते तुला ठाऊक आहेच. ते म्हणाले, त्याले बिस्कुट द्या, आमच्या जमान्यात कुत्रे असे नव्हते. त्यांच्या जमान्यातल्या कुत्र्यांना कुणी बिस्किटं देत होतं असं मला तरी आठवत नाही. मी दिवसभर ताटली भरून ठेवायची आणि मुंग्यांनी यावं. मधूनच त्याचं पोट बिघडायचं, तेव्हा तर मी अगदी हात टेकायची. खात नाही, तर हे कुठून येतं म्हणते मी?

आणि तुझे बाबा! आले त्या दिवशी म्हणाले, घरात कुत्रं नको, गोठ्यात बांध. नंतर त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. नाव घ्यायचे नाहीत, नुसतं ‘हे’ म्हणायचे. पण संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की पहिला प्रश्न, ह्यानं आज काय खाल्लं. काही नाही म्हटलं की म्हणायचे, अंजूले विचार नं, थे काय देत होती त्याले. मी आपली मळ्याच्या कडेला जाऊन तुला फोन करायची आणि परत येऊन अंजूनं असं सांगितलं, अंजूनं तसं सांगितलं म्हणायची. पुढे पुढे त्यांची चौकशी वाढली. अंजूले विचार, तिकडं पानी बरं हाय काय. अंजूले विचार, सर्दी गेली काय तिची. आयुष्यभर ज्यांनी मेहुणीशी लग्नकार्यातसुद्धा दोनच्यावर तिसरं वाक्य बोललं नाही, त्यांना या वयात तिची इतकी काळजी! मला मेलीला वाटलं, माणूस म्हातारपणी मऊ होतो. सर्दी तुला झाली होती, आणि ती त्यांना माझ्या फोनवरच्या बोलण्यातूनच कळली असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

शेवटी मी त्याला पिशवीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे आता वर्षाली नावाची नवी डॉक्टरीण आली आहे, हसरी आहे. मी माझं रडगाणं सुरू केलं, पोर उपाशी आहे, मालकिणीची आठवण काढतं, झुरतं आहे. तिनं त्याला काट्यावर ठेवलं, मागच्या सुईच्या वेळचं वजन पाहिलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, “काकू, हा झुरून नाही राह्यला, बाहेरून जेवून येऊन राह्यला.” मग तिनं मला नीट बसवून समजावलं. ताटली एकच, हात एकच, वेळा ठरलेल्या. थोडा वेळ पुढ्यात ठेवायची, खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलून घ्यायची आणि पुढच्या वेळेपर्यंत कितीही तोंड वेंगाडलं तरी काही द्यायचं नाही. नवं काही द्यायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळून. बिस्किटं बंद, कांदा-मीठ-मसाला बंद, दूध तर नकोच, पोट त्यानंच बिघडतंय. मी म्हटलं, अहो, दूध मी देतच नाही. ती म्हणाली, मग कोण देतं ते शोधा.

माझा संशय सरळ नत्थूजींवर. दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर त्यांना चांगलं ऐकवलं. ते बिचारे खिशातला बिस्किटाचा पुडा ओट्यावर ठेवून, पाणी न पिता निघून गेले. तरी फुटाणा सकाळच्या ताटलीला शिवेना. सकाळी बाबा मळ्यात निघाले की हा शेपटी उंच करून त्यांच्या मागे जायचा आणि उन्हं वर आली की पोट पुढे काढून परत यायचा. मला वाटायचं, उंदीर-घुशी मारतो की काय. मग गेल्या आठवड्यात बाजारासाठी सांबार, म्हणजे तुमची शहरातली कोथिंबीर, खुडायचा होता, म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर मळ्यात गेले.

तुरीच्या ओळीआड मी थांबले, ती थांबलेच. तुझे बाबा मेथीच्या वाफ्यांना पाणी देत होते. धुऱ्याच्या बांधावर त्यांची न्याहारी उघडी. डब्याच्या झाकणात दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. एक वाफा भरला की ते फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, ओला हात धोतराला पुसायचे, खाली बसायचे आणि फुटाण्याला एक घास द्यायचे. हातानं. आणि म्हणायचे, “मेथीचं झालं, आता तुहं.” मग पुढचा वाफा. “वांग्याचं झालं, आता तुहं.” ते पोरही असं शहाणं, पाणी वाफ्याच्या टोकाला जाईपर्यंत त्या पाण्याकडे पाहत बसायचं आणि मग तोंड उघडायचं. अशा थाटात जेवणाऱ्याला माझी मुंग्यांची ताटली कशी आवडणार?

आचल, तुला आठवतं की नाही मला माहीत नाही. तू तीन वर्षांची असशील. घास गालात धरून बसायचीस, गिळायचीच नाहीस. सगळ्या आळीत तुझी ख्याती होती. मी ओरडून थकायची, तेव्हा हे तुला खांद्यावर घेऊन मळ्यात जायचे आणि असंच एका वाफ्याला पाणी, एक तुला घास, असं करत वाटी संपवून आणायचे. माझ्या हातून कधी संपली नाही ती वाटी. ते शब्द मी वीस वर्षांनी ऐकले. फुटाण्याच्या अंगाखाली तुझी निळी ओढणी होती. रोज घरून खांद्यावर टाकून नेत असतील. मी समजत होते, पुरुषांना कपड्यांतलं काय कळतं, जुनं फडकं म्हणून पाहिलंही नसेल. आणि मग आठवलं, बारावीचा निकाल लागला तेव्हा वर्ध्याला जाऊन ती ओढणी त्यांनीच तुझ्यासाठी आणली होती. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, खोकं कुणाचं आणि पिल्लू कुणाचं. अंजूची सर्दी कोणाची, तेही. मी खूप रडले गं, आणि मग खूप हसले. सांबार खुडायचा तो राहूनच गेला.

संध्याकाळी पोळ्या लाटताना भिंतीला सांगावं तसं म्हटलं, डॉक्टरीण म्हणाली दुधानं पोट बिघडतं, दही चालतं. हातानं भरवलं तर जनावर नखरेल होतं, असंही म्हणाली. ते जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी डब्यात दुधाऐवजी दही नेलं. तिसऱ्या दिवशी मळ्यात एक जर्मनच्या पत्र्याची ताटली गेली. आता ज्वारीच्या मऊ कण्या, त्यात आपल्याच वेलावरचं उकडलेलं लाल कोहळं, थोडं दही आणि एकाआड एक दिवस अंडं, असं ठरलं आहे. तुझं पाकिटातलं खाणंही वाया घालवलं नाही, मूठभर त्यातच मिसळते. सकाळचं मळ्यात, दुपारचं बाबा घरी आले की, तिसरं दिवेलागणीला. पंपाच्या विजेच्या लाईनचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलतं, पण फुटाण्याचं बदलत नाही. पहिले दोन-तीन दिवस त्यानं फार नाटकं केली. ताटलीपाशी बसून बाबांच्या हाताकडे पाहायचा, कण्हायचा. मीच विरघळून एक घास द्यायला गेले तर बाबाच माझ्यावर गुरकावले, “ताटली उचल. डॉक्टरनं काय सांगतलं?” आता तो ताटली चाटून चकचकीत करतो. नत्थूजी परत चहाला यायला लागले आहेत, खिशाला मात्र हात लावत नाहीत. संध्याकाळी फुटाणा जेवतो, बाबा बाजूला बसून पाहतात आणि मी दोघांना पाहते. दीड वर्षात घर इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि आता पत्राचं. काल रात्री जेवण झाल्यावर मी त्यांना सांगितलं, की अंजू पिल्लू परत न्यायचं म्हणते आहे, कुणाला तरी पाठवणार आहे. ते बराच वेळ फुटाण्याच्या कानामागे खाजवत बसले. मग म्हणाले, “अंजूले राहू दे आता. आचलले लिहून दे. फोनवर तुमी दोघीबी रडता अन् कामाचं राहूनच जाते. तिले म्हना, हे आता खोक्यात मावत नाई, कोनाच्या हाती जानार नाई. पाहाचं असन त सोताच ये म्हना घरी, तुरीच्या शेंगा हायेत तोवर.” मी उठून भांडी आवरायला लागले, कारण दिव्याखाली मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. तर मागून पुन्हा म्हणाले, “अन् त्या पोराले काय आवडते जेवाले, थे विचारून घे. जावई घरी आला अन् अर्ध्या पोटी उठला, असं नाई झालं पायजे.” म्हणून हे पत्र, बाळा. हर्षितला तिखट कितपत चालतं? कढीगोळे करू की पाटोडीचा रस्सा? वांग्याचं भरीत आवडतं का? तो लाजून सांगणार नाही, तू नीट विचारून सांग. फक्त उत्तर मला देऊ नकोस. बाबांच्या फोनवर दे. सकाळपासून त्यांनी तो दोनदा चार्ज केला आहे, आणि मळ्यात जाताना आज पहिल्यांदा खिशात घालून नेला आहे. नंबर तोच आहे.

तुझीच,
आई