धाकट्याच्या रक्तातली अक्षरं

आई, तू असतीस तर धाकट्याला माझ्याहून जास्त काय दिलंस, हे तोंडावरच विचारलं असतं, आणि तू पदराला हात पुसत विषय बदलला असतास. धाकट्या भावाचा आणि माझा आजार एकच, रक्तातला सिकलसेल. थोडा तुझ्याकडून, थोडा बाबांकडून, दोघांनाही सारखाच आलेला. तरी हाडं ठणकायची ती माझीच. आसगावच्या शेतात रोवणी चालली आहे, मी धुऱ्याच्या बांधावर गुडघे धरून बसले आहे, आणि तो चिखल उडवत धानाच्या रोपांच्या जुड्या फेकतो आहे. तू वाकल्या वाकल्या मान वळवून म्हणतेस, "तुलेच काहून दुखते वं? त्याले बी तोच आजार आहे ना! पाह्य, कसा काम करून राहिला." सगळ्या बायांसमोर. तेव्हापासून मी मनाशी धरलं, तू त्याला चोरून काहीतरी खाऊ घालतेस. त्याच्या ताटावर माझे डोळे असायचे. कधी काही सापडलं नाही, उलट कढी माझ्याच भातावर जास्त असायची. तरी संशय गेला नाही.

आता नागपूरच्या डॉक्टरीणबाई वेगळंच सांगतात. बाळ पोटात असताना एक निराळं हिमोग्लोबिन बनतं, जन्मानंतर दुसरं एक जनुक ते बनणं बंद पाडतं. धाकट्यात ते पुरतं बंद झालंच नाही, म्हणून त्याच्या रक्तपेशी माझ्या पेशींसारख्या विळ्यागत वाकत नाहीत. त्या बंद पाडणाऱ्या जनुकाशेजारी डीएनएची तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, पोरांनी पाढे घोकावेत तशी. पूर्वी याला कचरा म्हणायचे. पण जनुकाला कामाला लावणारी प्रथिनं तिथे येऊन चिकटतात, आणि ही ओळ कोणात लांब, कोणात आखूड, त्यावर जनुक किती जोर लावणार ते ठरू शकतं. "तुमच्यात फरक यानंच पडला, असं छातीठोक नाही सांगत मी. तेच तर शोधून राहिलो," त्या म्हणाल्या.

बाबांचं रक्त मिळालं की धाकट्याची ओळ कोणाकडून आली ते कळेल. बाबा कुरकुरले, "आता कायले पाहिजे हे? तुमची माय तं गेली." धाकट्यानेच त्यांना राजी केलं. मला म्हणाला, "ताई, यातून तुह्यासाठीच औषध निघन." दवाखान्यात माझी पिशवी तोच धरतो, पाणी तोच आणतो. त्याचा हा चांगुलपणाही मला खुपतो. ज्याचं काही दुखत नाही त्याला तो परवडतो.

मी रक्त दिलं. मग डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, बाकी सगळं सांगा, फक्त धाकट्याची ती ओळ कोणाकडून आली ते मला सांगू नका. त्यांना वाटलं, मी आजाराला घाबरते. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. बाबांकडून आली असेल तर मला काही वाटणार नाही. पण तुझ्याकडून फक्त त्यालाच आली असेल, तर ते तुझ्या हातात नव्हतं हे कळूनसुद्धा, मी तुला माफ करू शकणार नाही.