हिच्या आवाजाची फाइल

३ जून, सकाळ
लेकीने माझी शाळेतल्या कवितांची साइट सुरू करून दिली. मागच्या खोलीत काळा डबा ठेवलाय, तो सर्व्हर. कविता जमा करायची जागा म्हणजे रिपॉझिटरी. मी तिला मूळ वही म्हणतो. वहीत काही बदललं की डब्याला सांगावा जातो, त्याचं नाव वेबहुक. सांगावा मिळाला की डबा ठरलेल्या कमांड आपोआप चालवतो आणि साइट ताजी होते. लेक म्हणाली, बाबा, डब्यात हात घालू नका, जे काय ते वहीत घाला. म्हटलं, मला कळतं.
संकल्प : रोज एक कविता तपासणे.

५ जून
नदीची कविता हिच्या आवाजात साइटवर लावली. ही जाऊन दोन वर्षं झाली. आवाज एवढाच उरलाय, चाळीस सेकंद. मध्येच अडखळते, हसते, अहो बंद करा ते, म्हणते. वहीचा लांबचा रस्ता कशाला? फोनमधून थेट डब्यातल्या साइटच्या फोल्डरमध्ये ठेवली. अकरा वेळा ऐकली.

६ जून, दुपार
चिमणीच्या कवितेत एक स्वल्पविराम घातला. चहा घेऊन येतो तो हिची फाइल गायब. बाकी सगळं जागच्या जागी.

७ जून
पुन्हा ठेवली, वाजली. ढगांच्या कवितेत राहून गेलेलं कडवं भरलं. फाइल पुन्हा गायब. मागच्या खोलीत डोकावलो. डब्याचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. अंगावर काटा आला. आपला आवाज टिपलेला हिला कधीच आवडत नसे.

९ जून
शेजारच्या निवृत्त वायरमनला सांगितलं. म्हणाला, कविराज, वहिनींनी जन्मभर तुमच्या कविता सोसल्या, आता साइटही सोसायची का? फार हसला. खोलीत मात्र आला नाही. उंबऱ्यावरूनच वायरिंग ठीक आहे म्हणाला.
लेकीला विचारावं का? नको. पोर घाबरेल. शिवाय डब्यात हात घातल्याचं निघेल.
फाइल तिसऱ्यांदा ठेवली.

११ जून
महत्त्वाचं निरीक्षण. काल कंटाळा केला, एकही कविता तपासली नाही, फाइल राहिली. आज दोन चुका काढल्या, फाइल गेली. अर्थ उघड आहे. मी कवितेला हात लावला की ही येते, काम बघते आणि जाताना आपला आवाज घेऊन जाते. इतका बारकाईने विचार लेकीलाही जमला नसता.

१२ जून, सकाळी दहा
फाइल परत ठेवली. डब्यासमोर खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, अगं, माझ्यासाठी एवढी राहू दे. दिवा एकदाच लुकलुकला. होकार. आता आपणही विश्वास दाखवायला हवा. फोनमधली मूळ फाइल पुसून टाकली. एकच प्रत, हिच्या हवाली.

१३ जून, सकाळ
फाइल आहे! शब्द पाळला हिने. आनंदाच्या भरात मूळ वहीत नदीच्या कवितेखाली लिहिलं : वाचन, माझी पत्नी. त्याला फाइलची लिंक जोडून जमा केलं.

१३ जून, संध्याकाळ
लेकीचा फोन. नदीच्या कवितेखाली आईचं वाचन दिसतंय, दाबलं की काहीच वाजत नाही. मग सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, बाबा, डब्याची पहिली कमांड फोल्डर रिकामं करते, दुसरी वहीतलं मांडते. वहीत नाही ते उरत नाही. तुम्ही वहीत बदल करायचात आणि ते पुसलं जायचं. कुणी येत नव्हतं.
कुणी येत नव्हतं, हे तिने दोनदा सांगितलं.
मग म्हणाली, फोनमधली मला पाठवा, मी नीट वहीत घालते. म्हटलं, उद्या पाठवतो.

१४ जून
लेकीचे तीन मेसेज. नेट नाही, असं नेटवरूनच कळवलं.

१५ जून, दुपार
दार लावून नदीची कविता मीच म्हटली. शक्य तितक्या बारीक आवाजात. पाठवली.
तासाभराने उत्तर आलं : बाबा, हे तुम्ही आहात. वहीत घालू?
घाल म्हटलं.