विहिरीत बुडवलेले कागद

कन्हेरी
रविवार, १२ एप्रिल १९९८

बुद्धघोष,

जय भीम.

पाचवी फ्रेम खिळ्यावरून काढताना मानसिंगराव थांबले. फ्रेम नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ताई, हिला वास हाय."

"कसला?"

"ते तुमी सांगायचं. अठरा वर्सं बारामतीत फ्रेमा करतोय. देवांच्या केल्या, सायबांच्या केल्या, मेलेल्यांच्या केल्या. वास मारनारं चित्र पहिलंच." मग त्यांनी खालचं छापील कार्ड वाचलं. "सोनेरी सकाळ. ही कुटली सकाळ म्हनायची?"

त्या कार्डावर माझा एकही शब्द नव्हता.

प्रदर्शन आज पाचला संपलं. चित्रं मानसिंगरावांच्या टेम्पोतून घरी आणली. तुझ्या दिशाचा ताप उतरला असेल. तिनं काढून पाठवलेला बैल मी खोलीत लावला आहे, तिला सांग. इकडे ऊन वाढलं आहे. माझी तब्येत बरी आहे. अक्का माझ्याकडेच आहे.

तू कार्डं बदललीस. गुरुवारी मी घरी गेल्यावर हॉलवर आलास, माझ्या हातानं लिहिलेली एकोणीस कार्डं काढलीस आणि छापलेली लावलीस. हॉलच्या शिपायाला सांगितलंस, ताईंनीच पाठवलीत. छापून आणली होतीस, म्हणजे हे त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. छापखान्यानं चार-पाच दिवस तरी घेतले असतील. त्या चार-पाच दिवसांत तू शाळेवर मला दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा विचारलंस, ताई, जेवलीस का?

माझ्या कार्डांवर काय होतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. जागेचं नाव, तारीख, आणि रंग कुठला ते. मी रंग विकत आणत नाही. हातकागद अर्धा पाण्यात, अर्धा वर, असा दिवसभर टांगते. पाणी कागदात चढतं आणि वाळताना आपली रेघ सोडतं. मग त्या जागी जे उगवलेलं असेल ते मी तिथल्याच मातीनं आणि कोळशानं काढते. रुई, टाकळा, काठावरचं उंबराचं झाड. चित्रात पाण्याच्या रेघेला मी हात लावत नाही. ती माझी नसते.

त्यातले पाच कागद आपल्या विहिरीचे. चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव, दरवर्षीची वीस मार्च. पहिल्या कागदावर रेघ शोधावी लागते, फिकट मातकट आहे. दुसऱ्यावर तशीच. मग तुमचा कारखाना सुरू झाला. तिसऱ्यावर रेघ लांबून दिसते. पाचव्यावर हळदीसारखी पिवळी आहे आणि तिला जांभळी कड आहे. उंबर पहिल्या चार कागदांत आहे. पाचव्यात फक्त खोड आहे, कारण खोडच उरलं आहे. सुगरणी गेल्या पावसाळ्यात आल्या नाहीत. एकही घरटं झालं नाही.

याला तू सोनेरी सकाळ म्हणालास. आणि खाली, मिश्र माध्यम.

ही विहीर कुणाची ते तुला सांगावं लागू नये. नानांनी ती सत्तावन्नच्या उन्हाळ्यात खणली, दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. त्याआधी आपली माणसं गावच्या विहिरीपाशी घागरी ठेवून बसायची आणि कुणी ओतलं तर घेऊन यायची. अक्का पंधरा वर्षांची होती. भावाबरोबर, नानांबरोबर, तिनं मुरमाच्या पाट्या वाहिल्या. पाणी लागलं तेव्हा नाना ओरडले नाहीत, खाली बसून राहिले, हे ती अजून सांगते. तेव्हापासून वीस मार्चला, तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, सगळी वस्ती पायऱ्या उतरते आणि ओंजळीनं पाणी पिते. आधी विहीर खणणाऱ्यांतलं वडील माणूस, मग बाकीचे. भांडं वापरायचं नाही. आपल्याला जेवण चुकलं तरी चाले, ही ओंजळ चुकत नसे.

यंदाही सगळे उतरले. पाणी पिवळं दिसत होतं. वस्तीतल्या संभाजीनं अक्काला धरलं, म्हणाला, "आत्ती, यंदा नगं. नुसतं हात लावून घे."

अक्का म्हणाली, "त्यांनी वतलं न्हाय तवा तहानलेलं ऱ्हायलो. आता आपल्या हिरीचं पानी टाकू व्हय?" आणि प्यायली. ओंजळ पुरी प्यायली.

तिच्यामागे अकरा माणसं प्यायली. मग तू उतरलास. मी वरच्या पायरीवर होते, मला नीट दिसत होतं. तू ओंजळ भरलीस, तोंडाजवळ नेलीस आणि बोटं सैल केलीस. पाणी कोपरांवरून खाली गेलं. तू ओठ पुसलेस. कोरडे ओठ पुसलेस.

अक्का पाच दिवस दवाखान्यात होती. तू दोनदा आलास, केळी घेऊन. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं होतं. तू म्हणालास, उन्हाचं असेल.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अजून तो कागद चिकटवलेला आहे. "पाणी पिण्यास योग्य." खाली सही. बु. ना. सोनवणे. वस्तीनं गेल्या वर्षी तक्रार केली तेव्हा कारखान्यानं तुमच्या लॅबचा रिपोर्ट पाठवला आणि तुमच्या लॅबनं तुझी सही पाठवली. तू मला म्हणालास, नमुना मी घेतला नाही, आलेल्या बाटलीवर सही केली. बाटलीत कुठलं पाणी होतं ते विचारलं नाहीस. त्या विहिरीपासून साठ पावलांवर जन्मलेल्या माणसाला विचारावं लागलं नसतंच. चिठ्ठीवर विहिरीचं नाव आणि आत स्वच्छ पाणी, एवढं खोटं ओळखायला पुरेसं होतं. शिवाय तुला रसायनशास्त्रात पहिला वर्ग आहे. नानांनी पेढे वाटले होते.

दुसऱ्या कुणी सही केली असती तर वस्ती भांडली असती. तुझी सही होती म्हणून गप्प बसली. आपला पोरगा आहे, खोटं लिहिणार नाही. म्हणून वस्ती प्यायली. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

आता शुक्रवारचं.

उद्घाटनाच्या आधी दीड तास मी ती कार्डं पाहिली. तू मला कोपऱ्यात नेलंस. "ताई, तीन दिवस. तीन दिवस गप्प बस, मग तुला काय लावायचं ते लाव. मला घर आहे." मी ओरडले नाही. माझी कार्डं माझ्या पिशवीत होती, तूच परत दिली होतीस, रबर लावून. लावायला वीस मिनिटं लागली असती. मी ती लावली नाहीत. हॉल कारखान्यानं मिळवून दिला होता. हे मला महिनाभर माहीत होतं आणि मी नको म्हणाले नव्हते. चाळीस वर्षांची झाले, शाळेत चित्रकला शिकवते, आणि भिंतीवर माझं एकही चित्र कधी लागलं नव्हतं. हे कारण आहे. माफी मागायला मी हे लिहीत नाही.

अक्का संभाजीबरोबर इंदापूरहून एसटीनं आली. निळं लुगडं नेसली होती. तू तिला पहिल्या रांगेत बसवलंस आणि तिच्या पाया पडलास, कारण साहेब बघत होते.

तुमचे मोठे साहेब फीत कापून सरळ पाचव्या चित्रापाशी गेले. पुष्कळ वेळ उभे राहिले. त्यांना चित्र कळत होतं, हे मला कबूल करावं लागेल. मग मला म्हणाले, "मॅडम, हा पिवळा बाजारात मिळत नाही. कुठून आणलात?"

तू माझ्याकडे बघत होतास. पण तू बघत होतास म्हणून मी तसं म्हणाले, असं मी म्हणणार नाही. साहेबांनी माझ्या पिवळ्याला दाद दिली होती. मला तिथे आणखी थोडा वेळ उभं राहायचं होतं.

मी म्हणाले, "चहाचं पाणी आहे, सर."

अक्का मागेच होती. ती पुढे आली. विहीर तिनं ओळखली होती. खोड ओळखलं होतं, तिसरी पायरी फुटलेली आहे ती ओळखली होती. म्हणाली, "च्याचं? मंग माझ्या हिरीत च्या वततंय कोन?"

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "आजींना चहा द्या रे." तू धावलास. खरंच धावलास. कप बशीत ठेवून आणलास आणि तिच्यापुढे धरलास.

अक्कानं तो कप घेतला. चित्राखालच्या टेबलावर ठेवला. तुझ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग बाहेर गेली.

मागून साहेब म्हणाले, हे चित्र आम्ही घेणार, नव्या ऑफिसात दारासमोर लावू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. मला ती गोष्ट आजही शरीरात जाणवते, हात जोडलेले.

अक्का मला एसटी स्टँडवर सापडली. इंदापूरची गाडी सोडून बसली होती. संभाजीला तिनं पुढे पाठवलं होतं. मी शेजारी बसले. म्हणाले, अक्का, घरी चल. ती आली. दोन दिवस माझ्या घरात तिनं भाकरी केल्या, अंगण झाडलं, माझे ब्रश धुऊन उन्हात ठेवले. बोलली नाही.

आज चित्रं उतरवून आणली आणि भिंतीला टेकवली, तेव्हा ती पाचव्यासमोर बसली. म्हणाली, "एक इचारू?"

"विचार."

"त्या दिशी आमी पेलो. तू पेलीस का?"

मी म्हणाले, माझ्या हातात कागद होता, अक्का. कागद भिजत होता. हात मोकळे नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "कागदाचा दोर तर कडीला बांधला हुता."

बुद्धघोष, मी प्यायले नाही. इतकं सगळं तुला लिहिलं ते या एका वाक्याच्या आधी लिहून घेतलं. तू निदान ओंजळ भरलीस. मी वरच्या पायरीवर उभी राहून तुझी बोटं मोजत होते. अक्का पीत होती तेव्हा मी तिला थांबवलं नाही. मला पाणी कसलं आहे ते माहीत होतं. तिसऱ्या कागदापासून माहीत होतं. दोन वर्षं मी ते कागद पेटीत जपून ठेवले. कुणाला दाखवले नाहीत, कारण पाच झाल्यावर मालिका पुरी होणार होती. आणि पाचवा कागद वर ओढला, त्याच्यावरची ती पिवळी रेघ आणि जांभळी कड पाहिली, तेव्हा मला आनंद झाला. माझ्यामागे अक्का पदरानं तोंड पुसत होती.

म्हणून हे पत्र फक्त तुझ्यावर रागावून लिहिलेलं नाही. पण तुझ्यावरचा राग त्यानं कमी होत नाही. तुला वाटेल आता आपण सारखे झालो, आता दोघांनी गप्प बसायला हरकत नाही. तसं होणार नाही.

मी अर्ज लिहिला आहे. इंदापूरच्या तहसीलदारांना. विहीर कुठली, कुणी खणली, पाणी कधीपासून बदललं, कोण किती दिवस दवाखान्यात होतं, सगळं आहे. पाचही कागद फ्रेमांतून काढले आहेत, ते अर्जाला जोडणार आहे. साहेबांना चित्र मिळणार नाही, तसं तू त्यांना सांग किंवा मी सांगेन. माझं नाव घातलं आहे आणि मी गप्प राहिले हेही घातलं आहे. फळ्यावरच्या रिपोर्टाचा उल्लेख आहे. रिपोर्ट खोटा आहे असं लिहिलं आहे. सही कुणाची, तिथे मी अजून जागा सोडली आहे.

अक्काला अर्ज वाचून दाखवला. त्या जागेशी आल्यावर विचारलं, इथे काय करू? ती उठून पाणी भरायला गेली.

नाव घातलं तर तुझी नोकरी जाईल. नाही घातलं तर ते म्हणतील, रिपोर्ट आहे, सही आहे, सोनवण्यांचीच आहे, मग तक्रार कसली. मला दोन्ही कळतं. मी तुला चालायला शिकवलं, त्याच विहिरीच्या काठानं, हात धरून, आत पडशील म्हणून. त्याचं आता काय करायचं ते मला कळत नाही. हे पत्र तुला अडवायला नाही, तुझं मत विचारायलाही नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी.

उद्या पहिल्या गाडीनं आम्ही निघतो.

अजून तुझी बहीणच,
करुणा

सोमवार, १३ एप्रिल. इंदापूर.

हे पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून खाली लिहिते. तहसील कचेरी पावणेदहाला उघडली. बाहेरच्या बाकावर अक्कानं विचारलं, "त्याचं नाव घातलंस?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "घाल. नानानं ठेवलेलं नाव हाय. अक्षर नीट काड." मी पूर्ण नाव लिहिलं. अक्कानं सही केली. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. साडेदहाच्या गाडीनं अक्का वस्तीवर गेली.